ईगल स्काउट: मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी दोन्ही मुलं अमेरिकेत स्काउटिंगमध्ये वाढली. थोरला ईगल झाला, धाकटी आता लाइफ, म्हणजे ईगलच्या आधीच्या रँकवर आहे आणि मी काही वर्षांपासून ट्रूपच्या (स्काउटांच्या स्थानिक तुकडीच्या) कमिटीवर रँक-बॅजच्या नोंदी सांभाळते. मंडळाच्या गणपतीत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून कागद भरताना चालू वर्षाचं हस्तपुस्तक जवळ ठेवा.

१. ईगल स्काउट म्हणजे नक्की काय?

अमेरिकेतल्या स्काउटिंगमधली सर्वांत वरची रँक. पायऱ्या सात: स्काउट, टेन्डरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ, ईगल. ती देणारी ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ ही संस्था १९१० साली स्थापन झाली आणि न्यूयॉर्क राज्यातला आर्थर एल्ड्रेड हा मुलगा १९१२ मध्ये पहिला ईगल झाला. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड हे दोघंही ईगल स्काउट. फेब्रुवारी २०२५ पासून संस्थेचं नाव ‘बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका’ऐवजी ‘स्काउटिंग अमेरिका’ झालं. रँकचं नाव तेच राहिलं.

तुमच्यापैकी ज्यांनी भारतात शाळेत स्काउट-गाईड केलं असेल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार आठवेल. मान तसाच, वाट वेगळी.

२. मुलींना ईगल होता येतं का? आमची मुलगी गर्ल स्काउट्समध्ये आहे.

होता येतं. फेब्रुवारी २०१९ पासून ११ ते १७ वयोगटातल्या मुलींना प्रवेश मिळाला आणि २०२१ मध्ये मुलींची पहिली ईगल तुकडी झाली. अटी मुलांच्या आणि मुलींच्या एकच, अक्षरशः एकच.

गर्ल स्काउट्स ही मात्र पूर्ण वेगळी संस्था आहे. तिथला सर्वोच्च सन्मान म्हणजे गोल्ड अवॉर्ड. तिथलं काम इकडच्या रँकमध्ये धरलं जात नाही. मुलगी दोन्हींत असू शकते; आठवड्याच्या संध्याकाळी किती उरतात तेवढं आधी पाहा.

३. आम्ही एच-वन-बीवर आहोत, नागरिक नाही. मुलाला ईगल मिळेल?

मिळेल. ईगलसाठी अमेरिकन नागरिकत्वाची अट नाही. नागरिकत्वावरचे बॅज (एकेका विषयाचं काम पूर्ण केल्यावर मिळणारी ओळखचिन्हं) मात्र सगळ्यांनाच करावे लागतात. मुलगा संविधान वाचतो, गावाच्या कौन्सिलच्या किंवा शाळा-मंडळाच्या सभेला जाऊन बसतो. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या आईवडिलांनाही त्याच्यासोबत बसून वाचण्यासारखं त्यात खूप आहे.

४. कितव्या वर्षी सुरू करावं? नववीत सुरू केलं तर उशीर होतो का?

वयाची ११ वर्षं पूर्ण झाली की प्रवेश मिळतो, किंवा १० वर्षांचं मूल पाचवी पूर्ण करून येऊ शकतं. शेवटची रेषा म्हणजे १८वा वाढदिवस.

मधलं गणित असं: फर्स्ट क्लासनंतर स्टारसाठी किमान ४ महिने, स्टारनंतर लाइफसाठी ६, लाइफनंतर ईगलसाठी ६. एकूण १६ महिने, यात कुणालाही सूट नाही. म्हणजे १६ वर्षं ८ महिने होण्याच्या आत फर्स्ट क्लास झालं नाही, तर हिशोब बसतच नाही. फर्स्ट क्लासपर्यंतच्या पायऱ्यांनाही वेळ लागतो. ट्रूपचे १० उपक्रम हवेत, त्यांतले किमान ६ बाहेरचे आणि ३ मुक्कामी. नववीत सुरू केलेली मुलं ईगल होताना मी पाहिली आहेत, पण त्यांनी पहिल्याच महिन्यात कॅलेंडर समोर ठेवलं होतं.

५. ईगलसाठी लागणारे २१ बॅज कोणते? आणि अर्धवट राहिलेले बॅज बाद होतात का?

२१ पैकी बहुतेक सक्तीचे, बाकीचे आवडीचे. सक्तीच्या यादीत प्रथमोपचार, स्थानिक समाज, देश आणि जग यांचं नागरिकत्व, संवादकौशल्य, स्वयंपाक, शारीरिक तंदुरुस्ती, पैशांचं आणि वेळेचं नियोजन, कॅम्पिंग, कुटुंबजीवन हे येतात. काही ठिकाणी पर्याय असतो: इमर्जन्सी प्रिपेअर्डनेस किंवा लाइफसेव्हिंग, पर्यावरणशास्त्र किंवा सस्टेनेबिलिटी, पोहणं, हायकिंग किंवा सायकलिंग. यादी बदलते, उदाहरणार्थ स्वयंपाक २०१४ पासून सक्तीचा झाला.

स्टारपर्यंत ६ बॅज (४ सक्तीच्या यादीतले), लाइफपर्यंत एकूण ११, ईगलला २१. बॅज सुरू करण्यासाठी रँकची वाट पाहावी लागत नाही. अकरा वर्षांचा नवखाही सुरू करू शकतो.

खरे अडवणारे बॅज अवघड नसतात, लांब असतात. तंदुरुस्तीच्या बॅजला १२ आठवड्यांचा व्यायाम, पैशांच्या नियोजनाला १३ आठवड्यांचा जमाखर्च, कुटुंबजीवनाला ९० दिवस घरकामाची नोंद. हे शेवटच्या उन्हाळ्यात घाईने उरकता येत नाही. मी प्रत्येक आईला सांगते, हे तीन सातवी-आठवीतच सुरू करून द्या.

अर्धवट बॅजला मुदत नाही. १८व्या वाढदिवसापर्यंत तो जिवंत असतो. ट्रूप किंवा कॅम्पवाले ‘वर्षभरात संपवा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून’ म्हणाले तर तो त्यांचा स्वतःचा नियम, संस्थेचा नाही.

६. मुलाला पाण्याची भीती आहे. सायकलिंगचा बॅज घेतला तर पोहणं टळेल ना?

पोहण्याचा बॅज टळेल, पोहणं टळणार नाही. फर्स्ट क्लाससाठी पोहण्याची चाचणी द्यावीच लागते. डोक्यावर पाणी जाईल इतक्या खोलीत पाय खाली ठेवून उडी, ७५ यार्ड जोमाने पोहणं, त्यापुढे २५ यार्ड पाठीवर सावकाश आणि शेवटी अंग सैल सोडून तरंगणं. हे अनेकांना लाइफवर पोचल्यावर नव्हे, फर्स्ट क्लासच्या दारात अडकल्यावर कळतं. आपल्यापैकी बऱ्याच आईवडिलांना स्वतःला पोहता येत नाही, म्हणून हा विषय घरात पुढे ढकलला जातो. वायएमसीएचा वर्ग लावा, दहाव्या-अकराव्या वर्षीच. वैद्यकीय कारण असेल तर प्रश्न १८ पाहा.

७. आम्ही शाकाहारी आहोत. कुकिंगच्या बॅजला मांस शिजवावं लागतं का?

नाही. मेन्यू स्काउटच ठरवतो. मांस, मासे, अंडी, दूध, भाज्या कशा साठवायच्या आणि त्यातून कोणते आजार होतात, हे समजावून सांगता आलं पाहिजे. ते ज्ञान आहे, ताटात घ्यायची सक्ती नाही. घरी, कॅम्पवर आणि पायवाटेवर असं तिन्हीकडे जेवण करायचं असतं. आमच्या ट्रूपमधल्या एका मुलाने कॅम्पस्टोव्हवर पिठलं-भात केला होता. त्याच्या पेट्रोलमधली (ट्रूपमधल्या छोट्या गटातली) मुलं दुसऱ्यांदा मागायला आली.

८. दर उन्हाळ्यात आम्ही सहा आठवडे भारतात जातो. समर कॅम्प बुडतो. काय करावं?

कॅम्पिंगच्या बॅजला एकूण २० रात्री लागतात, त्याही स्काउटिंगच्या अधिकृत उपक्रमात, उघड्यावर किंवा तंबूत. कुटुंबासोबत योसेमिटीला काढलेल्या रात्री यात धरत नाहीत. सलग मोठ्या कॅम्पच्या सहा रात्रींपर्यंत एकदाच धरता येतात. म्हणजे निदान एका वर्षी तरी समर कॅम्पला गेलं तर बाकीचा भार वर्षभरातल्या शनिवार-रविवारच्या कॅम्पवर सहज वाटला जातो. एक वर्ष भारताची तिकिटं जुलैच्या मध्यानंतरची काढा, एवढंच सुचवते.

भारतात असताना ९० दिवसांची घरकामं, व्यायामाची वही, जमाखर्च हे सगळं चालू राहू शकतं. आजोबांकडे राहून रोज बागेला पाणी घालणं हे घरकामच आहे. आधी त्या बॅजचं काम तपासणाऱ्या काउन्सेलरशी बोलून घ्यायला मुलाला सांगा.

९. मी मेरिट बॅज काउन्सेलर आहे. स्वतःच्या मुलाच्या बॅजवर सही करू शकते का?

राष्ट्रीय नियमानुसार हो, तुम्ही त्या बॅजच्या नोंदणीकृत काउन्सेलर असाल तर. एकाच काउन्सेलरकडून किती बॅज घ्यायचे यावर ट्रूपचा प्रमुख मर्यादा घालू शकतो, पण ती सगळ्या मुलांना सारखी असली पाहिजे.

माझं मत विचाराल तर शक्यतो टाळा. बॅजचा अर्धा अर्थच असा की मूल अनोळखी मोठ्या माणसाला स्वतः फोन करतं, वेळ ठरवतं, भेटीला जातं (एकटं नव्हे, सोबत कुणीतरी हवंच, हा सुरक्षेचा पक्का नियम आहे). ते काम आईच्या स्वयंपाकघरात होत नाही.

१०. स्टार, लाइफ आणि ईगलसाठी जबाबदारीचं पद सांभाळावं लागतं. कोणतं चालतं?

पेट्रोल लीडर, सीनियर पेट्रोल लीडर, क्वार्टरमास्टर, स्क्राइब, हिस्टोरियन, ट्रूप गाइड, डेन चीफ, असे बरेच पर्याय आहेत. दोन फसव्या जागा लक्षात ठेवा. असिस्टंट पेट्रोल लीडर हे पद मोजत नाहीत. आणि बिगुलवादकाचं पद स्टार व लाइफला चालतं, ईगलला नाही. ईगलचे सहा महिने लाइफ झाल्यानंतरचे असावे लागतात; ते सलग किंवा एकाच पदावरचे असण्याची गरज नाही.

११. ईगल प्रोजेक्ट म्हणजे काय? विषय कसा निवडावा?

लाइफ झाल्यावर स्काउटने एखाद्या धार्मिक संस्थेसाठी, शाळेसाठी किंवा समाजासाठी उपयोगी काम आखायचं, माणसं जमवायची आणि त्यांच्याकडून ते पूर्ण करून घ्यायचं. शेवटचा भाग नीट वाचा: करून घ्यायचं. मुलाने एकट्याने, कितीही घाम गाळून, सुंदर बाक बनवला तरी तो ईगल प्रोजेक्ट होत नाही. त्याने निदान दोन माणसांचं नेतृत्व केलं पाहिजे. सुतारकाम परीक्षेत नाही, माणसं सांभाळणं आहे.

काय चालत नाही? धंदेवाईक कंपनीसाठीचं काम. स्काउटिंगच्या स्वतःच्या मालमत्तेसाठीचं काम. नुसता निधी गोळा करणं. गवत कापण्यासारखं नेहमीचं काम.

काम सुरू करण्याआधी चार मंजुऱ्या हव्यात: ज्या संस्थेसाठी काम आहे ती, स्काउटमास्टर (ट्रूपचा प्रौढ प्रमुख), ट्रूपची कमिटी आणि काउन्सिल (संस्थेची प्रादेशिक शाखा) किंवा डिस्ट्रिक्ट (तिचा विभाग). चौथी सही येण्याआधी एक खिळाही ठोकू नका. उत्साहात एक शनिवार आधी काम उरकलेल्या मुलाला नवा प्रोजेक्ट शोधावा लागल्याचं मी पाहिलं आहे, आणि ते पाहणं फार जड जातं.

बाहेरच्या लोकांकडून पैसे किंवा सामान मागायचं असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज लागू शकतो. काउन्सिलला आधी विचारा. उरलेले पैसे संस्थेला जातात, मुलाला नाही.

विषय शोधताना आमच्याकडे बहुतेक घरं ‘काय बांधायचं’ इथून सुरुवात करतात. उलटं करा. मुलाने दोन-तीन संस्थांत जाऊन विचारावं, ‘तुम्हाला रोज कशाची अडचण होते?’ माझ्या मुलाने देवळात हा प्रश्न विचारला तेव्हा विश्वस्तांनी त्याला दाराशी नेलं. रविवारी तिथे चपलांचा ढीग पडायचा आणि आजी-आजोबा त्यात अडखळायचे. त्याने चपलांसाठी फळ्यांची मांडणी केली आणि बूट काढताना बसायला दोन बाक.

१२. देऊळ चालतं हे कळलं. भारतातल्या गावच्या शाळेसाठी प्रोजेक्ट करता येईल का?

‘समाज’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे, जगातला समाजही त्यात बसतो. म्हणून दार बंद नाही. अडचण नेतृत्वाची आहे. मंजुऱ्या इथे घ्यायच्या, शाळेची संमती तिकडून मिळवायची आणि माणसांकडून काम करून घेताना मुलगा हजर असायला हवा. जमलेले प्रयत्न बहुधा असे असतात की पुस्तकं गोळा करणं, निवडणं, याद्या करणं, बांधणं हे काम इथे मित्रांकडून करून घेतलं आणि सामान तिकडे गेलं. काकांनी गावाकडे सगळं उरकलं आणि मुलाने फोटो जोडले, असा प्रोजेक्ट डिस्ट्रिक्टसमोर टिकणार नाही, टिकूही नये.

१३. किती तास भरावे लागतात? आमच्या ट्रूपमध्ये १०० तास म्हणतात.

किमान तासांची अट नाही. तासांची नोंद ठेवायची असते, पण मंजुरी त्यावर ठरत नाही. संस्थेच्या नियमात स्पष्ट आहे की ट्रूप, डिस्ट्रिक्ट किंवा काउन्सिल कुणालाही रँकच्या अटी वाढवता वा कमी करता येत नाहीत. १०० तासांना आधार काय, ते ट्रूपला शांतपणे, लेखी विचारा.

१४. दोन मित्रांनी मिळून एकच प्रोजेक्ट केला तर?

श्रेय एकालाच मिळतं. दुसऱ्याने त्यात स्वयंसेवक म्हणून यावं आणि स्वतःचा वेगळा प्रोजेक्ट आखावा. जुळ्या भावंडांनाही हाच नियम.

१५. आईवडिलांनी किती मदत करावी?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि इथे मला माझी चूक सांगायला हवी.

थोरल्याच्या वेळी देवळाच्या विश्वस्तांना सगळे ईमेल मी लिहिले. तो दहावीत होता, अभ्यास होता, मला वाटलं तेवढाच हातभार. डिस्ट्रिक्टच्या मंजुरीच्या बैठकीत समोरच्या गृहस्थांनी त्याला साधं विचारलं, ‘फळ्यांची उंची कुणी ठरवली?’ त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कागद हळूच मिटला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात पुन्हा ये. गाडीत तो काही बोलला नाही. घरी आल्यावर त्याने माझ्याकडून विश्वस्तांचा नंबर घेतला आणि बाल्कनीत जाऊन दार लावलं. तुटक्या मराठीत चाललेला तो पाऊण तासाचा फोन मी आतून ऐकत होते. पुढच्या बैठकीत उंची का बदलली, वाकता न येणाऱ्यांसाठी वरच्या दोन फळ्या का राखल्या, हे त्याने न अडखळता सांगितलं.

तर, गाडी चालवा. कामाच्या दिवशी वीस जणांना पोहे करून न्या. त्याने सांगितलं तर फळी धरा. ईमेल, फोन, याद्या, प्रोजेक्टचं वर्कबुक, मंजुऱ्या, माणसांना बोलावणं हे त्याचं. कामाच्या दिवशी काही बिघडलं तर तोंड उघडण्याआधी मनात पन्नास अंक मोजा. मोठ्या माणसाचा आधार हवाच असेल तर ट्रूपकडून किंवा काउन्सिलकडून प्रोजेक्ट कोच मिळतो. तो सल्ला देतो आणि बाजूला होतो, जे आपल्याला जमत नाही.

१६. स्काउटच्या वचनात ‘देवाप्रती कर्तव्य’ आहे. हिंदू मुलाला अडचण येते का?

नाही. कोणता धर्म, कोणती उपासना हे घर ठरवतं. ईगलच्या अर्जात संदर्भ देणाऱ्यांची नावं लागतात: पालक, शिक्षक, धार्मिक क्षेत्रातली व्यक्ती, नोकरी असल्यास मालक आणि आणखी दोघं. देवळातल्या गुरुजींचं किंवा बालविहारच्या ताईंचं नाव चालतं. कुठल्याही संस्थेशी जोडलेले नसाल तर तो संदर्भ पालक देतात. पत्रं गोपनीय असतात. ती मुलाच्या हातून जात नाहीत.

१७. बोर्ड ऑफ रिव्ह्यूमध्ये (ईगलआधीच्या शेवटच्या मुलाखतीत) काय विचारतात? आम्ही आत बसू शकतो का?

नाही, पालकांना आत प्रवेश नसतो. बोर्डात तीन ते सहा प्रौढ असतात. पालक, नातेवाईक आणि स्काउटमास्टर त्यात नसतात. ही पुन्हा घेतलेली परीक्षा नव्हे, त्यामुळे गाठी बांधून दाखवायला सांगत नाहीत. प्रोजेक्टमध्ये काय चुकलं, कुणाशी जमलं नाही, पुढे काय करायचं आहे, असं बोलणं होतं. निर्णय एकमताने व्हावा लागतो. नकार आलाच तर कारण सांगितलं जातं आणि अपील करता येतं.

ट्रूपच अर्जावर सही करायला तयार नसेल तर? त्यासाठीही वाट आहे. वादग्रस्त परिस्थितीतल्या बोर्डाची मागणी डिस्ट्रिक्ट किंवा काउन्सिलकडे करता येते. हे फार कमी पालकांना माहीत असतं.

१८. मुलाला अपंगत्व आहे. त्याच्यासाठी वेगळी वाट आहे का?

आहे. कायमस्वरूपी अपंगत्वामुळे एखादा सक्तीचा बॅज अशक्य असेल तर डॉक्टरांच्या कागदासह त्याच्या जागी दुसऱ्या बॅजसाठी अर्ज करता येतो. गंभीर अपंगत्व असेल तर १८ वर्षांनंतरही स्काउट म्हणून नोंदणी चालू ठेवता येते. परवानगी आधी घ्या, काम नंतर.

१९. अठरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आहे. काय काय आधी झालं पाहिजे?

बोर्ड ऑफ रिव्ह्यू सोडून सगळं. २१ बॅज, पदाचे महिने, प्रोजेक्ट आणि स्काउटमास्टरसोबतची भेटही. ही भेट लोक विसरतात. आजच तिची तारीख ठरवायला सांगा. बोर्ड वाढदिवसानंतर झालं तरी चालतं.

मुदतवाढ मिळते, पण ज्यावर स्काउटचा काही ताबाच नव्हता अशा कारणासाठी. मोठं आजारपण बसू शकतं. एपी परीक्षा, भारतवारी किंवा ‘नियम माहीत नव्हता’ बसत नाही.

२०. नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात जातोय. सगळं पुन्हा करावं लागेल?

नाही. मिळालेल्या रँक आणि बॅज देशभर ग्राह्य असतात. निघण्यापूर्वी नोंदींची छापील प्रत, अर्धवट बॅजची ब्लू कार्डं (बॅजच्या कामाची नोंद असलेली कार्डं) आणि सही झालेलं हस्तपुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, मूव्हर्सच्या ट्रकमध्ये नको. मंजूर प्रोजेक्ट अर्धा असेल तर दोन्ही काउन्सिलशी बोला.

२१. कॉलेजच्या प्रवेशाला खरंच उपयोग होतो का?

अर्जावर एक ओळ होते, आणि अनेकांच्या निबंधाचा विषय. सैन्यात भरती होताना ईगलला वरच्या पगारश्रेणीत सुरुवात मिळू शकते. एवढ्यासाठीच करत असाल तर इतकी वर्षं फार लांब वाटतील, आणि मुलाला ते कळतं.

२२. मुलगा लाइफवर आहे आणि आता नको म्हणतो. ढकलावं का?

आधी विचारा, नक्की काय नको आहे. बहुतेक वेळा कॅम्प आणि मित्र हवे असतात. नको असतं ते वर्कबुक, किंवा त्यावरून घरात रोज होणारं बोलणं. दुसरं तर आपणच थांबवू शकतो. माझ्या धाकटीशी मी हाच करार केला आहे: ईगलचा विषय महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, तोही तिने काढला तरच.

खरंच थांबायचं असेल तर थांबू द्या. लाइफपर्यंत पोचलेल्या मुलाने तंबू ठोकलाय, लहान मुलांना शिकवलंय, निदान तीन तास निसर्गसंवर्धनाचं काम केलंय. फक्त त्याची ब्लू कार्डं आणि हस्तपुस्तक टाकून देऊ नका. एका खोक्यात घालून त्याच्या कपाटात ठेवा. सतराव्या वर्षी परत आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ती सगळ्यात आधी तेच खोकं शोधत होती.